व्हाइस दर पंधरा दिवसांनी ढिला होतोय? पाना खाली ठेवा, आधी हलतंय काय ते शोधा

लक्षण सगळ्यांचं तेच. व्हाइस (काम करायची वस्तू दोन जबड्यांत घट्ट धरणारा लोखंडी शिकंजा) बेंचवर बसवला, चारही बोल्ट दातओठ खाऊन आवळले, आठ-दहा दिवस झकास, मग एक दिवस हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) मारताना पट्टी थरथरायला लागते, कानस घासताना तो अंगावर काटा आणणारा आवाज येतो आणि हँडल जोरात फिरवलं की त्याच्याबरोबर अख्खा व्हाइसच जरासा वळतो. आपण वाकतो, बेंचखाली डोकं घालतो, अर्धा आटा आवळतो, परत आठ दिवस बरे जातात. मी हे जवळजवळ दीड वर्ष केलं. शेवटी एका संध्याकाळी पाना ओढताना टक् असा बारीक आवाज आला आणि व्हाइसचा मागचा डावा कान (बुडाचा बाहेर आलेला, बोल्ट जातो तो भाग) मुळापासून तडकला. बीड (ओतीव लोखंड) वाकत नाही, थेट तुटतं, हे शाळेत पाठ केलं होतं, पटलं त्या दिवशी.

आधी माझा सेटअप सांगतो, कारण बऱ्याच जणांचा असाच असणार. निगडीला तळमजल्यावर राहतो, मागच्या बाजूला पत्र्याची शेड काढलीय, तिथे शनिवार-रविवारची खाटखूट चालते. सायकलचा कॅरिअर, कुंड्यांचा स्टँड, कोणाच्या गेटची कडी, असलीच कामं. बेंच कसा केला होता तर दुकान बंद झालेल्या एका नातेवाईकाकडून स्लॉटेड अँगलचा (लांबट भोकांच्या लोखंडी पट्ट्यांचा) रॅक फुकट मिळाला, त्याचे पाय कापले, वरती घरातला काढून टाकलेला फ्लश दरवाजा टाकला. त्यावर पाच इंची, फिरत्या बुडाचा, कोरा करकरीत व्हाइस. दिसायला एकदम भारी. प्रत्यक्षात तीन हलत्या गोष्टी एकावर एक रचल्या होत्या आणि दोष मात्र बोल्टला देत बसलो होतो.

शेजारी एक काका आहेत, टूलरूममधून रिटायर झालेले, फार बोलत नाहीत. तडकलेला कान बघून म्हणाले, "आवळत काय बसलास रे? हलतंय काय ते बघितलंस का कधी?" मी म्हटलं व्हाइस हलतोय की काका. ते म्हणाले, "व्हाइस हलत नसतो, सांधा हलतो. कुठला ते सांग." मग त्यांनी मला दीड फुटी पाइप जबड्यात उभा धरायला लावला, म्हणाले हलव मागे-पुढे, आणि स्वतः चष्मा कपाळावर सरकवून तर्जनीचं नख व्हाइसचं बूड आणि बेंच यांच्या फटीवर आडवं ठेवलं. अर्धं नख बुडावर, अर्धं लाकडावर. मग फिरत्या बुडाच्या दोन चकत्यांमध्ये, मग बेंचचा टॉप आणि अँगल यांच्यामध्ये. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, पण माझं नख तिथे ठेवून बघितलं तर प्रत्येक हिसक्याला खालीवर, खालीवर, स्पष्ट कळत होतं. केसाएवढी हालचालसुद्धा नखाला कळते.

तर पहिलं काम हे. दुसरं माणूस नसेल तर पाइपला दोरी बांधून एका हाताने ओढा, पण नख लावा. सांधे एकूण पाच असतात. सरकता जबडा आणि व्हाइसचं धड यांच्यातला, फिरतं बूड असेल तर त्याच्या दोन चकत्यांतला, बूड आणि बेंचचा टॉप यांच्यातला, टॉप आणि फ्रेम यांच्यातला, आणि शेवटचा म्हणजे फ्रेमचे पाय आणि जमीन यांच्यातला. शेवटच्या दोघांकडे कोणी बघतच नाही. माझ्याकडे पहिला सोडून चारही हलत होते, म्हणजे मी आवळत होतो ते चार बोल्ट एकाच सांध्याचे, बाकीचे तीन सांधे मजा बघत होते.

आता बूड आणि टॉपचा सांधा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जरा हिशोब करून बघा. १२ एमएमचा बोल्ट, ज्याला आपल्याकडे अजून चार सुती म्हणतात (तंतोतंत एक नाहीत, चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७), तो वीस सेंमी लांबीच्या पान्यावर वीस किलोचा जोर देऊन आवळला तर बोल्टमध्ये साधारण दीड टनाच्या वर ताण येतो. हो, टन. एवढी ओढ खालच्या बाजूला कशावर येते तर २४ एमएमच्या साध्या वॉशरवर, ज्याचं क्षेत्रफळ जेमतेम तीन चौरस सेंमी. म्हणजे दर चौरस सेंमीला ५०० किलो. आडव्या रेषांवर दाबलं तर सागवानसुद्धा एवढं सहन करत नाही, फ्लश दरवाज्याचा आतला हलक्या लाकडाचा गाभा तर त्याच्या किती तरी आधीच बसतो. वॉशर आत घुसतो, लाकूड चेपतं, बोल्टमधला ताण उतरतो, आपण परत आवळतो, वॉशर आणखी आत. बेंचखाली टॉर्च मारून बघितलं तेव्हा माझे वॉशर लाकडात असे रुतले होते की वरचा काठसुद्धा हाताला लागत नव्हता. नट ढिला झालाच नव्हता हो! लाकूड पातळ झालं होतं.

त्यात आपला पाऊस. जुलैमध्ये लाकूड फुगलेलं असतं तेव्हा आवळलेला बोल्ट मार्चमध्ये, लाकूड वाळून आक्रसलं की आपोआप सैल. यात कोणाची चूक नाही, लाकूड असंच वागतं. चिपबोर्ड किंवा पार्टिकल बोर्डच्या टॉपबद्दल तर बोलूच नका, आणि लाकडी स्क्रूने व्हाइस बसवणाऱ्यांनी तर आजच ते काढून आरपार बोल्ट टाका, स्क्रू उपटून व्हाइस पायावर पडला की मग पोस्ट वाचायला वेळच वेळ मिळेल.

उपाय मी केला तो असा. टॉपच्या खालून ३०० बाय ३०० ची ६ एमएमची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट लावली, वजन सव्वाचार किलो भरतं, भंगारवाल्याकडे तुकडा मिळून जातो. वरूनही तशीच एक, म्हणजे दरवाज्याचं सँडविच झालं. पण नुसत्या प्लेटनेही मधला गाभा हळूहळू चेपतोच, म्हणून काकांनी सुचवलेली खरी मेख वेगळी आहे: बोल्टच्या प्रत्येक भोकात अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचा तुकडा बसवायचा. १२ चा बोल्ट त्यातून आरामात जातो, दरवाज्याला त्यासाठी साधारण २२ चं भोक पाडावं लागतं. तुकड्याची लांबी टॉपच्या जाडीएवढीच, किंवा कानशीने घासून अगदी केसभर कमी. आता बोल्ट आवळला की वरची प्लेट, पाइपचा तुकडा आणि खालची प्लेट असा लोखंडाला लोखंड टेकतो, लाकूड फुगो नाहीतर आक्रसो, बोल्टला त्याच्याशी देणंघेणं नाही. चारही तुकडे एकाच मापाचे हवेत बरं का. मी पहिल्यांदा डोळ्याने कापले, एक दीड एमएम लांब निघाला आणि प्लेट त्याच एका तुकड्यावर डुगडुगायला लागली, परत सगळं उघडा.

स्प्रिंग वॉशर टाका, डबल नट टाका, थ्रेड लॉक (आट्यांत लावायचा गोंद) टाका, असे सल्ले भरपूर मिळतात. १९६९ साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने दाखवून दिलं होतं की नट सुटतो तो मुख्यतः सांधा आडवा सरकल्यामुळे, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर बाजूला घसरले की प्रत्येक घसरणीला आटे थोडे थोडे उलटे फिरतात, आणि स्प्रिंग वॉशर त्याला फारसा अडवत नाही. व्हाइसला कानस आणि हॅक्सॉ काय देतात? दिवसभर आडवे धक्के. म्हणून घसरण थांबवा, नट आपोआप थांबतो. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) लावा खुशाल, मीही लावलेत, पण त्याचा उपयोग एवढाच की नट गळून खाली पडत नाही, गेलेला ताण तो परत आणत नाही. भोकं पण बघा. बोल्ट १२ चा आणि भोक घासून घासून १६ चं अंडाकृती झालेलं असेल तर सांधा सरकायला मोकळं रानच आहे.

आता माझा कान का तडकला ते. व्हाइस काढला, बूड खाली करून काचेच्या तुकड्यावर ठेवला, चार कोपऱ्यांखाली कागदाच्या पट्ट्या सरकवून बघितल्या. तीन कोपऱ्यांत कागद अडकला, चौथ्यात सटकन आरपार गेला. म्हणजे बूड तीन पायांवर बसलेलं आणि मी चौथा कान पान्याने ओढून ओढून खाली आणत होतो. त्यात कानाचा वरचा भाग ओतकामात उतरता राहिलेला, बोल्टचं डोकं एकाच कडेवर टेकत होतं. बिडाला दाब कितीही द्या, वाकवायला गेलात की संपलं. नवीन व्हाइस असला तरी हे तपासा, रंग जाड मारलेला असतो म्हणून डोळ्याला सपाट दिसतं.

बूड फार वाकडं नसेल तर कानशीने उंच जागा उतरवा, निळ्याचा (उंच जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) हात लावून परत परत टेकवत, वेळखाऊ पण मजा येते. मला तेवढा पेशन्स नव्हता. प्लेटवर ग्रीसचा पातळ हात, त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, आणि बुडाखाली एम-सीलची गोळी चारही कानांशी. बोल्ट फक्त बोटांनी, पाना नाही, फिरवून व्हाइस आपल्या वजनाने बसू दिला आणि रात्रभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी फटी भरून टणक झालेल्या, मग आवळला. कानाच्या वरची उतरती जागा गोल कानशीने आणि मग सपाट कानशीने घासून बोल्टच्या डोक्याला बसायला सपाट केली, त्यावर जाड वॉशर. तडकलेला कान गॅस वेल्डिंगवाल्याकडून पितळ मारून जोडून घेतला. त्याने आधी अख्खं बूड हळूहळू गरम केलं, मग जोडलं, आणि नंतर राखेत पुरून ठेवलं थंड व्हायला, घाई करू नका म्हणाला. जोड अजून टिकून आहे, पण त्या कानाला मी आता जरा भिऊनच असतो.

फिरत्या बुडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरच्या कामाला लागतं किती वेळा? मी दीड वर्षात चार-पाच वेळा फिरवला असेन, आणि तेवढ्यासाठी एक जास्तीचा सांधा आणि दोन-अडीच इंच जास्तीची उंची कायमची गळ्यात. छिन्नी-हातोड्याचं किंवा वाकवायचं काम असेल तर फिरता नकोच, साध्या बुडाचा घ्या. आधीच घेतलाय तर दोन्ही लॉक नट सोडून चकत्या उघडा, मधला रंग आणि ग्रीस साफ पुसून काढा. लॉक करायच्या पृष्ठभागावर ग्रीस लावणारे लोक मी बघितलेत, आणि मग म्हणतात लॉकच होत नाही. तरी सरकत असेल तर काकांचा उपाय, तुम्हाला सोयीच्या एका जागी दोन्ही चकत्यांतून ८ चं एक भोक पाडून पिन ठोका. फिरायचं बंद, कटकट बंद. मी हेच केलं.

आता टॉप आणि फ्रेम, आणि फ्रेम आणि जमीन. इथेही आकडा बघा म्हणजे डोळे उघडतात. बेंच ८० सेंमी उंच, त्यावर व्हाइस, जबडा साधारण ९५ ला. त्यात १६ ची सळई उभी धरली, ६० सेंमी वर काढली आणि टोकाला धरून स्वतःकडे २५ किलो जोराने ओढली. हा जोर जमिनीपासून १५५ सेंमी उंचीवर लागतोय, म्हणजे बेंच आपल्याकडे उलथवायला २५ गुणिले १५५, जवळपास ३९०० किलो-सेंमी. आणि बेंचला उभं ठेवायला काय आहे? बेंच आणि व्हाइस मिळून ४५ किलो, दोन फूट खोल बेंच म्हणून मध्य ३० सेंमीवर, १३५०. तिप्पट फरक आहे. सुदैवाने आपण घाबरून आधीच थांबतो. त्याच ओढीत व्हाइसचे मागचे दोन बोल्ट मिळून दीडशे किलोने वर उपटले जातायत, ते वेगळंच.

स्लॉटेड अँगलचा रॅक सामान ठेवायला बनवलेला असतो, आडवा हिसका खायला नाही. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला दोन-दोन नट आणि भोकं लांबट, त्यामुळे चौकट समांतरभुज होते, आणि शाळेत तेवढी एकच भूमिती खरी शिकवली होती की त्रिकोण हलत नाही. मागच्या बाजूला आणि व्हाइसच्या बाजूच्या कडेला २५ बाय ५ च्या पट्टीची फुली मारली, कोपऱ्यांना त्रिकोणी प्लेटी. अर्ध्याहून जास्त थरथर तिथेच गेली, एक पैशाचा वेल्डिंग रॉड न जाळता. नव्याने करणार असाल तर ५० बाय ५० बाय ६ चा अँगल घ्या, मीटरला साडेचार किलो भरतो, वेल्डिंग करून घ्या आणि विसरून जा. आणि व्हाइस पायाच्या डोक्यावर आणा. बेंचच्या मधोमध बसवला की टॉप ढोलासारखा वाजतो.

जमिनीला बांधणं म्हणजे टाइल्स फोडणं, घरच्यांशी भांडण. मी भिंतीला बांधला, मागचा अँगल दोन अँकर फास्टनरने. आमची भिंत जुनी विटांची आहे म्हणून जमलं. नवीन बिल्डिंगांत एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंती असतात, त्यात साधा अँकर फास्टनर आवळायला गेलात की भुगा होऊन जागीच फिरत राहतो, तिथे आरपार बोल्ट टाकून पलीकडून प्लेट द्या किंवा कॉलम-बीम शोधून त्यात मारा. आणि काहीच शक्य नसेल तर वजन टाका. बेंचच्या खालच्या कप्प्यात मी शहाबादी फरश्यांचे उरलेले तुकडे आणि मागच्या पावसाळ्यात गोठून दगड झालेली एक सिमेंटची गोणी ठेवलीय. पन्नास किलोची गोणी, घरातून बाहेर काढा म्हणून रोज बोलणी खायचो, आता तिला नोकरी लागली.

पायांखाली मऊ रबर घालू नका. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खालच्यांची काळजी असते ते बरोबर आहे, पण मऊ रबरावर बेंच नावेसारखा डोलतो. कन्व्हेअर बेल्टचे तुकडे भंगारात मिळतात, कॅनव्हास घातलेले, कडक, ते घाला. आवाज थोडा मरतो आणि बेंच जागेवर राहतो.

नवीन घेणाऱ्यांसाठी आता थोडक्यात, कारण अर्धी डोकेदुखी दुकानातच टळते. माप म्हणजे जबड्याची रुंदी, १००, १२५, १५० एमएम, म्हणजेच चार, पाच, सहा इंच. घरच्या कामाला पाच बास. चारचा स्वस्त पडतो पण गेटची पट्टी वाकवायला गेलात की रडतो, सहाचा घ्यायचा तर बेंच आधी तसा करा. एकाच मापाचे दोन व्हाइस हातात उचलून बघा, दोघांच्या वजनात तीन-चार किलोचा फरक सापडतो, आणि जाहिरात काहीही म्हणो, वजनदार तोच घ्या. साध्या बिडापेक्षा एसजी आयर्नचा (चिवट जातीच्या बिडाचा) मिळाला तर दोन पैसे जास्त मोजा, तो फटका खाऊन थोडा वाकतो, बिडासारखा एकदम तुटत नाही. दुकानात ओळखायचं तर छोट्या हातोडीने हलकेच टिचकी मारा, एसजीचा आवाज लांबतो, साध्या बिडाचा बदकन बसतो. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

मग जबडे बंद करून मधे कागदाच्या दोन पट्ट्या धरा, डाव्या-उजव्या टोकाला, दोन्ही सारख्या घट्ट अडकल्या पाहिजेत. जबडे मिटले की वरच्या कडेला आधी टेकणं चांगलं, खाली केसभर फट चालते, कारण आवळताना सरकता जबडा वरून थोडा उचलतोच. अर्धा उघडून सरकता जबडा हाताने खालीवर हलवून बघा, किंचित खेळ असणारच, पण खडखड नको. जॉ प्लेटी (जबड्यांवरच्या दातेरी पट्ट्या) स्क्रूने बसवलेल्या असाव्यात, बदलता येतील अशा. कानांच्या मुळाशी आणि नटाच्या घराशी रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलीय का ते नखाने टोकरून बघा. ओतकामातली पोकळी लांबीने बुजवून वर निळा रंग मारला की कोणाला कळतंय! स्पिंडलचे (हँडलने फिरणाऱ्या लांब स्क्रूचे) आटे चौकोनी हवेत. हँडल फिरवताना अर्धा फेरा रिकामा गेला तरी घाबरू नका, त्याने पकड कमी होत नाही, फक्त उलटं फिरवताना वेळ जातो.

जुना घ्यायलाही हरकत नाही, माझा दुसरा व्हाइस मी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला. गंज पाहून पळू नका, तडे बघून पळा. एका जागी रॉकेल लावून मुरू द्या, वरून कोरडं पुसा, खडूची पूड लावा, दोन मिनिटं थांबा, तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं.

बसवताना मागचा, म्हणजे पक्का जबडा बेंचच्या कडेच्या जरासा पुढे यायला हवा, सूतभर का होईना. नाहीतर लांब पाइप उभा धरायला गेलात की बेंचची कड आडवी येते, आणि मग लोक व्हाइस तिरका बसवतात. बोल्ट वरून खाली टाका, नट खालून. उंचीचा हिशोब सोपा आहे, सरळ उभे राहा, मूठ हनुवटीखाली टेकवा, कोपर जबड्याच्या माथ्याला लागलं पाहिजे. माझा बेंच या हिशोबाने दोन इंच बुटका निघाला, कंबर का दुखते ते तेव्हा कळलं, पायांखाली चॅनलचे तुकडे लावले.

सगळं घट्ट आहे, नखाला काहीच लागत नाही, तरी जॉब (जबड्यात धरलेली वस्तू) सटकतोय? मग तो व्हाइसच्या बैठकीचा प्रश्नच नाही. जबड्याच्या एका टोकाला सळई उभी धरली की सरकता जबडा तिरका होतो आणि पकड निम्म्यावर येते, अशा वेळी दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा धरा, जबडा समांतर राहतो. जॉ प्लेटीच्या दातांत पितळेचा-अॅल्युमिनियमचा चुरा भरलेला असतो, तारेच्या ब्रशने साफ करा. नरम जॉबला अॅल्युमिनियम अँगलचे दोन तुकडे जबड्यांवर टोपीसारखे घाला, ते पकडतातही छान. आणि हँडलवर पाइप घालून आवळू नका, हातोडीने हँडल ठोकू नका. दोन्ही हातांनी आवळून पकड पुरत नसेल तर व्हाइस लहान पडतोय. हातोडा मारायचा तो पक्क्या जबड्याच्या दिशेने, सरकत्या जबड्यावर मारलेला प्रत्येक ठोका स्पिंडल आणि नटाच्या आट्यांना खातो.

आवळून झाल्यावर नट, वॉशर आणि प्लेट यांच्यावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढून ठेवा. (घरात विचारून घ्या.) पुढच्या वेळी डुगडुगलं की आधी रेघ बघायची. रेघ तुटली असेल तर नट फिरलाय. रेघ सलग आहे आणि तरी हलतंय, म्हणजे नट निर्दोष, चेपलंय किंवा सरकलंय काहीतरी दुसरंच, परत नख घेऊन वरपासून खाली.

भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावायची सोय नसेल तर गॅरेजवाल्यांचा जुगाड करा. ट्रकच्या चाकाची जुनी डिस्क भंगारात शोधा, तिच्या मधोमध चार इंची जाड पाइप उभा वेल्ड करा, पाइपच्या डोक्यावर १० एमएमची प्लेट, प्लेटखाली चार त्रिकोणी पट्ट्या, त्यावर व्हाइस. हलवायचा असेल तेव्हा जरासा कलता करून डिस्कच्या काठावर गोल गोल फिरवत न्यायचा, गॅसचा भरलेला सिलिंडर नेतो तसा. लांब सळई वाकवताना डिस्कवर स्वतः उभं राहायचं, म्हणजे आपलं वजनही कामाला येतं. पाइपमध्ये वाळू भरून वरून बंद केला की हॅक्सॉचा आवाजही बराच बसतो, फक्त वाळू कोरडी घ्या, ओली भरलीत तर पाइप आतून गंजेल.